नागपूरचं हिवाळी अधिवेशन नागरिकाच्या बाजूनं: विधानभवनात काय मिळतं, काय मिळत नाही

डिसेंबर लागला की सिव्हिल लाइन्समध्ये रस्त्याच्या कडेला बांबू आणि बॅरिकेड येऊन पडतात, रवी भवन आणि आमदार निवासाला नवा रंग चढतो, आणि नागपूरकर एकमेकांना दोन गोष्टी विचारू लागतात: कोणता रस्ता बंद आहे, आणि गॅलरीचा पास कुणाकडून मिळेल? रस्त्यांचं पोलीस जाहीर करतात. पास कसा काढायचा आणि आत गेल्यावर नेमकं काय बघायचं, हे मात्र एका जागी वाचायला मिळत नाही. म्हणून हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. गॅलरीत एकदा तरी बसावं, पण तयारी न करता गेलात तर अर्धा दिवस जातो आणि गदारोळाखेरीज काही लक्षात राहत नाही. विधानमंडळाकडून नागरिकाला मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रश्नोत्तरांची छापील यादी, आणि ती वाचायला पास लागत नाही. थेट प्रक्षेपण उत्तम आहे. आपलं काम सभागृहापर्यंत नेण्याच्या वाटाही आहेत, फक्त त्यांच्या मुदती सांभाळाव्या लागतात. या शहराला विधिमंडळाचा जो इतिहास आहे, तो पाहुण्याला सांगण्याची सोय मात्र फारच तोकडी आहे.

पास

आमदाराची शिफारस हा पासाचा रस्ता आहे. प्रत्यक्षात काम होतं ते त्यांच्या स्वीय सहायकाकडून, त्यामुळे साहेबांना रस्त्यात गाठून विनंती करण्यापेक्षा कार्यालयात लेखी मागणी द्यावी. त्यात ओळखपत्रावर आहे तसंच नाव, ओळखपत्राची प्रत, मोबाइल नंबर, कोणतं सभागृह आणि कोणता दिवस एवढं असावं. ‘कोणत्याही दिवशी चालेल’ असं लिहिलं की मागणी मागे पडते. ‘अमुक खात्याचे प्रश्न ज्या दिवशी आहेत तो दिवस’ असं लिहिलं तर मागणाऱ्याला खरंच कामकाज ऐकायचं आहे हे दिसतं.

मतदारसंघाच्या आमदाराकडे गर्दी असते. तिथं जमलं नाही तर नागपूरकराला आणखी दोन दारं आहेत, ती बरेच जण विसरतात. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या आहेत, आणि नागपूर विभागाला या दोन्हीतली एकेक जागा आहे. पदवीधर किंवा शिक्षक मतदार म्हणून तुमची नोंदणी असेल तर ते आमदारही तुमचेच प्रतिनिधी आहेत. परिषदेच्या गॅलरीसाठी त्यांच्याकडे मागणी करणं रास्त.

परिसरात शिरण्याचा पास आणि गॅलरीचा पास या दोन वेगळ्या गोष्टी. पहिला हातात आला म्हणजे सभागृह दिसेल असं नाही. विधानसभा आणि विधान परिषद यांच्या गॅलऱ्याही वेगळ्या. १३ डिसेंबर २०२३ ला लोकसभेत दोघांनी प्रेक्षक गॅलरीतून उड्या मारून धूर सोडला, तेव्हा नागपूरचं अधिवेशन चालू होतं आणि इथल्या पासांवरही लगेच मर्यादा आली. तेव्हा आयत्या वेळी दोन-चार पास सहज मिळतील असं धरून गावाहून पाहुणे बोलावू नका.

गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही. मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर झिरो माईल फ्रीडम पार्क किंवा कस्तुरचंद पार्क स्टेशनला उतरून चालत जावं. सोबत मूळ ओळखपत्र आणि पास, बस. मोबाइल, कॅमेरा, पिशवी, पत्रकं, फलक यातलं काहीही गॅलरीत नेता येत नाही. नागपूरची सकाळ थंड असते, स्वेटर घालाच, पण काळा मफलर, काळा दुपट्टा किंवा काळी टोपी टाळा. काळं कापड म्हणजे निषेधाचं निशाण, आणि बंदोबस्तावरचा पोलीस त्याच नजरेनं बघतो. तपासणीत वेळ जातो, म्हणून ठरल्या वेळेच्या तासभर आधी फाटकाशी असावं. गॅलरीत टाळ्या नाहीत, बोलणं नाही, खाली वाकून हाक मारणं तर नाहीच.

दिवस कोणता निवडायचा, याला पासाइतकंच महत्त्व आहे. पहिला दिवस टाळा. त्या दिवशी अध्यादेश आणि कागदपत्रं पटलावर येतात, पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाखेरीजच्या जादा खर्चाच्या) सादर होतात, शोकप्रस्ताव होतो आणि बहुधा बैठक लवकर संपते. शेवटचा दिवस विधेयकांच्या गर्दीचा आणि उत्तरांचा, रात्रीपर्यंत लांबणारा. नवख्या माणसाला दुसरा-तिसरा दिवस आणि त्यातही प्रश्नोत्तराचा तास सगळ्यात बरा.

आत काय चालतं

विधानसभेची बैठक साधारण सकाळी ११ ला आणि परिषदेची १२ ला सुरू होते. पण नागपुरात दिवस थोडे असल्यानं लक्षवेधी सूचनांसाठी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या) सकाळी ९ किंवा १० ला विशेष बैठक लावली जाते. त्यामुळे आदल्या रात्री दिवसाचा कामकाज क्रम बघितल्याशिवाय घरून निघू नये. तो विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येतो. त्यावरून कोणत्या खात्याचे प्रश्न आहेत, किती लक्षवेधी लागल्या आहेत आणि कोणतं विधेयक चर्चेला आहे हे कळतं.

आधी प्रश्नोत्तरं, मग कागदपत्रं पटलावर, मग लक्षवेधी, मग विधेयकं, पुरवणी मागण्या आणि चर्चा, असा सर्वसाधारण क्रम. विधानसभेत लक्षवेधी नियम १०५ खाली लागते. विरोधकांची किंवा सत्ताधाऱ्यांची मोठी चर्चा नियम २९३ खाली येते, तर विरोधी पक्षाचा अंतिम आठवडा प्रस्ताव नियम २९२ खाली. परिषदेत तशीच मोठी चर्चा नियम २६० खाली होते. एवढे चार आकडे लक्षात ठेवले तरी सदस्य उठून ‘२९३ च्या चर्चेत मी बोललो होतो’ म्हणतो तेव्हा गोंधळ होत नाही. विधानसभेत आसनावर अध्यक्ष असतात, परिषदेत सभापती. ते नसतील तेव्हा तालिकेवरचे सदस्य खुर्चीत बसतात. दुपारी जेवणानंतर दिसतात ते बहुतेक हेच, म्हणून अनोळखी चेहरा दिसला तर बुचकळ्यात पडू नका.

दुपारी बाकं रिकामी दिसली की पाहुणे चिडतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे गणपूर्ती म्हणजे किमान १० सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश, यातला मोठा आकडा. २८८ च्या विधानसभेत तो २९ होतो, ७८ च्या परिषदेत १०. म्हणजे ३० सदस्य बसलेले असताना चाललेलं कामकाज नियमात बसतं. पण पुरवणी मागण्यांसारखा पैशांचा विषय एवढ्या कमी जणांत संपतो तेव्हा वाईट वाटणं स्वाभाविक आहे, आणि तसं आपल्या आमदाराला लिहून कळवायला काहीच हरकत नाही.

विधानसभा बघावी की परिषद? गर्दी विधानसभेला असते, घोषणा आणि सभात्यागही तिथंच जास्त. ज्याला एखादा विषय शांतपणे ऐकायचा आहे त्यानं परिषद निवडावी. सदस्य कमी, त्यामुळे एका प्रश्नावर उपप्रश्न जास्त होतात आणि मंत्र्याला तपशिलात शिरावं लागतं. शिक्षण, अनुदान, नोकरभरती हे विषय तिथं अधिक खोलात जातात, कारण शिक्षक आणि पदवीधरांचे आमदार तिथंच बसतात. नागपुरात परिषदेचं सभागृह विधानभवनाच्या परिसरातच, पण वेगळ्या इमारतीत आहे. पास दाखवताना दार नीट विचारून घ्या.

यादी वाचायला शिका

आता मुख्य गोष्ट. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी चर्चेला येऊ शकणाऱ्या, प्रश्नांची यादी हे या सगळ्या व्यवस्थेतलं नागरिकाच्या सर्वाधिक उपयोगाचं साधन आहे, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. तासाभरात तोंडी चर्चेला येतात ते मोजकेच प्रश्न. उरलेल्यांची उत्तरं कागदावरच राहतात, आणि आपल्या तालुक्याचा प्रश्न बहुधा त्या उरलेल्यांत असतो.

प्रश्नाची घडण ठरलेली असते. समजा काटोलच्या ग्रामीण रुग्णालयाबद्दल प्रश्न आहे. तो साधारण असा येईल: ‘(१) काटोल येथील ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांची पदे रिक्त असल्याचे माहे सप्टेंबरमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यातले ‘वा त्यादरम्यान’ हे दोन शब्द कामाचे आहेत. प्रश्नात नेमका दिनांक टाकला आणि घटना चार दिवस मागेपुढे असली, तर खातं ‘हे खरे नाही’ एवढं लिहून मोकळं होऊ शकतं, आणि मग पुढच्या सगळ्या भागांचं उत्तर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं येतं. म्हणून मुरलेले सदस्य प्रश्नाचा पहिला भाग असा लिहितात की त्याला नाही म्हणणं अवघड जावं.

उत्तर वाचताना क्रम उलटा करा. आधी शेवटचा भाग बघा. विलंबाची कारणं विचारल्यावर ‘प्रश्न उद्भवत नाही’ आलं असेल तर वरच्या भागात कार्यवाही झाल्याचा दावा असणार. तो दावा कोणत्या दिनांकाचा आहे ते शोधा. पुष्कळदा कार्यवाहीचा दिनांक प्रश्नाची सूचना गेल्यानंतरचा निघतो, म्हणजे प्रश्न विचारल्यामुळे फाईल हलली. पहिल्या भागाचं उत्तर ‘होय, हे खरे आहे’ असेल तर तुमच्या हातात शासनाची लेखी कबुली आहे. ती पुढे माहिती अधिकाराच्या अर्जात, जिल्हाधिकाऱ्यांच्या निवेदनात, न्यायालयातही दाखवता येते. ‘हे खरे नाही’ असेल तर खात्यानं काय नाकारलंय ते शब्दशः बघा. पूर्ण घटना नाकारली आहे की प्रश्नातला एखादा आकडा, हा फरक मोठा आहे. आणि सगळ्यात जास्त थांबावं ते ‘हे अंशतः खरे आहे’ या उत्तरापाशी. कोणता अंश खरा, हे पुढच्या वाक्यात सांगावंच लागतं, आणि खात्याकडची खरी आकडेवारी त्याच वाक्यात सापडते: किती पदं मंजूर, किती भरलेली, किती निधी आला, किती परत गेला.

हे एकदा जमलं की गॅलरीतला तासही वेगळा वाटू लागतो. अध्यक्ष प्रश्न क्रमांक पुकारतात, मंत्री लेखी उत्तर पटलावर असल्याचं सांगतात, आणि लगेच उपप्रश्न सुरू होतात. ज्यानं यादी वाचलेली नाही त्याला वाटतं की चर्चा मधूनच सुरू झाली. ज्यानं वाचली आहे त्याला कळतं की सदस्य कोणत्या वाक्यावर बोट ठेवतोय. मंत्री ‘चौकशी करू’, ‘महिनाभरात निर्णय घेऊ’ म्हणाले की ते नुसतं बोलणं राहत नाही. ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समिती खात्याकडे त्याचा पाठपुरावा करते. तो दिनांक आणि प्रश्न क्रमांक घरी येऊन लिहून ठेवा.

प्रक्षेपण आणि संकेतस्थळ

दोन्ही सभागृहांचं कामकाज यूट्यूबवर थेट दिसतं आणि नंतरही बघता येतं. ही सेवा मनापासून आवडली. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या माणसाला नागपूरही लांबच आहे, त्याच्यासाठी हीच गॅलरी. अडचण एकच, चित्रफिती अनेक तासांच्या असतात आणि कोणता विषय कुठं आहे हे सांगणारी खूण बहुधा नसते. उपाय असा की त्या दिवसाचा कामकाज क्रम शेजारी ठेवायचा, प्रश्नोत्तरं पहिल्या तासात धरायची, आणि पुढे विषयांच्या क्रमानं अंदाजे सरकत जायचं. गदारोळात आवाज बंद झाला किंवा बैठक स्थगित झाली तर पुढचा भाग वेगळ्या फितीत असू शकतो, तेही तपासा.

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज क्रम, प्रश्नोत्तरं, विधेयकं, समित्यांची माहिती असते. वृत्तांताच्या कच्च्या प्रतीवर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असा शिक्का दिसतो. तो गंभीरपणे घ्यावा. प्रतिवेदकांनी घाईत टिपलेला तो मजकूर असतो, सदस्यांनी तपासलेला नसतो. त्यातलं वाक्य उचलून समाजमाध्यमावर टाकण्याआधी चित्रफितीशी ताडून बघा. मोबाइलवर शोध घेणं त्रासाचं जातं, संगणकावर बसा. सूचना एवढीच की तालुक्याच्या नावानं सगळ्या वर्षांची उत्तरं एकत्र शोधता आली, तर या एका सोयीनं हजारो कार्यकर्त्यांचं काम हलकं होईल.

आपला विषय आत कसा न्यायचा

सगळ्यात जास्त चूक इथं होते. अधिवेशन सुरू झाल्यावर लोक आमदाराकडे जातात आणि म्हणतात, प्रश्न विचारा. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जाते; सचिवालय त्यासाठी तारखा ठरवून देतं. डिसेंबरच्या अधिवेशनासाठी दिवाळीच्या सुमारासच मसुदा आमदाराच्या हातात असायला हवा. नंतर पोचलात तर लक्षवेधी मागा, ती अधिवेशन चालू असताना देता येते, मात्र स्वीकारायची की नाही हे अध्यक्ष किंवा सभापती ठरवतात. त्या दिवशीच काही घडलं असेल तर औचित्याचा मुद्दा. तिथं दोन मिनिटं मिळतात, उत्तर लगेच मिळेलच असं नाही, पण विषय नोंदला जातो.

मसुदा एका पानाचा असावा. गाव, कार्यालय, योजना, शासन निर्णयाचा दिनांक, रक्कम, आधी दिलेल्या निवेदनाचा आवक क्रमांक एवढं त्यात हवं. भावना नकोत, त्या आमदार स्वतः घालतील. सोबत कागदाच्या प्रती. एका मसुद्यात एकच विषय. पाणी, रस्ता आणि शाळा एका कागदावर आले की तीन खात्यांमध्ये तो कागद फिरत राहतो.

विनंती अर्ज हीदेखील जुनी आणि चांगली वाट आहे. नागरिकांचा अर्ज सदस्यामार्फत सभागृहात सादर होतो आणि विनंती अर्ज समितीकडे जातो. समिती अधिकाऱ्यांना बोलावून साक्ष घेऊ शकते. गावाच्या एखाद्या जुन्या, अडकलेल्या प्रश्नाला याचा उपयोग होतो, तातडीच्या कामाला नाही.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर जनतेकडून सूचना मागवल्या जाऊ शकतात. जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच अधिवेशनात ते संयुक्त समितीकडे गेलं, समितीकडे १२ हजारांवर सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते मुंबईत मंजूर झालं. विधेयकाला पाठिंबा असो की विरोध, सूचना लिहिताना कलमाचा क्रमांक, आताचा मजकूर, हवा असलेला बदल आणि कारण अशा चार ओळी पुरतात. कलमाचा क्रमांक नसलेलं पत्र नुसतं मत म्हणून मोजलं जातं.

आणि मोर्चा. नागपूरचं अधिवेशन म्हणजे मोर्चे, हे समीकरण राज्यभर माहीत आहे. यशवंत स्टेडियमहून निघायचं आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड अशा ठिकाणी अडवलं जायचं, हा नेहमीचा मार्ग. थांब्याची जागा पोलीस परवानगीत लिहून देतात. मोर्चाची खरी वेळ ही अडवल्यानंतरची असते. शिष्टमंडळात चार-पाच जणच जाणार, त्यांची नावं आधीच ठरवा. निवेदनाच्या तीन प्रती न्या आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परतू नका. मंत्री भेटले, आश्वासन मिळालं आणि हाती कागद नाही, असे मोर्चे पुढच्या वर्षी त्याच मागणीसाठी परत येतात.

या रस्त्यावर शिस्त किती जपावी लागते, हे नागपूरला वेगळं सांगावं लागत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आला होता. पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा जीव गेला. त्यात बाया आणि लेकरं मोठ्या संख्येनं होती. झिरो माईल परिसरात त्यांचं स्मारक आहे. विधानभवन बघायला येणाऱ्या प्रत्येकानं तिथं आधी जावं.

इतिहासाची उणीव

अधिवेशन नसताना तिकीट काढून, वेळ ठरवून, वाटाड्याबरोबर हे विधानभवन बघता येईल अशी सोय नाही. वर्षातले अकरा महिने ही वास्तू शहराच्या मधोमध असते आणि शहराला आतून दिसत नाही. ही उणीव मोठी वाटते, कारण इथं सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मध्य प्रांताची विधान परिषद नागपुरात १९१४ पासून भरू लागली. १९१९ च्या कायद्यानंतर निवडून आलेल्यांचं बहुमत झालं, आणि १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षानं इथं बाजी मारली. त्यांनी मंत्रिपदं घेतली नाहीत. १९२४ मध्ये सरकारच्या खर्चाच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपयांवर आणून ठेवला. गव्हर्नरच्या राज्यात लोकप्रतिनिधींनी अर्थसंकल्पाचं हत्यार एवढ्या ठामपणे वापरल्याची दुसरी उदाहरणं थोडी आहेत, आणि ते नागपुरात घडलं. १९३७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडची ११२ सदस्यांची विधानसभा आली. अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त, आणि उपाध्यक्ष नागपूरच्या अनसूयाबाई काळे. १९३७ साली एक मराठी बाई विधानसभेच्या उपाध्यक्षपदी होती, हे नागपूरच्या किती शाळकरी मुलींना कुणी सांगितलंय? पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, याच विधानसभेनं वेगळ्या महाविदर्भाचा ठराव मंजूर केला. स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी राहिलं.

अधिवेशन इथं का भरतं, याबद्दलही चुकीच्या गोष्टी सर्रास सांगितल्या जातात. मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासन ठरावीक काळासाठी नागपूरला हलेल आणि वर्षातून किमान एक अधिवेशन इथं होईल, असं आहे. किती आठवडे, हा आकडा करारात नाही. तो सांगून दरवर्षी भांडणं होतात, ती मूळ मजकूर वाचून थांबावीत. करारावर यशवंतराव चव्हाणांबरोबर शेषराव वानखेड्यांची सही आहे, आणि हेच वानखेडे १९७२ ते १९७७ महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. महाराष्ट्र झाल्यावर पहिलं अधिवेशन नोव्हेंबर १९६० मध्ये इथं भरलं. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये ते मुंबईला झालं. २०१८ ला पावसाळी अधिवेशन इथं घेतलं तर ६ जुलैच्या पावसानं विधानभवनाची वीज गेली आणि कामकाज थांबवावं लागलं.

जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये नागपुरातच मंजूर झाला. वर्षानुवर्षं रखडलेलं ते विधेयक, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची ऑगस्टमधली हत्या, अध्यादेश आणि मग इथली दोन्ही सभागृहं, हा प्रवास एका भिंतीवर मांडला तरी पाहणाऱ्याला कायदा कसा होतो ते कळेल. त्यासाठी मोठं संग्रहालय लागत नाही. पाच-सात फलक, जुन्या वृत्तांतांची पानं आणि शनिवार-रविवारी दोन फेऱ्या एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. विधानमंडळ सचिवालयाचा कायमस्वरूपी कक्ष जानेवारी २०२१ पासून इथं आहे, म्हणजे दार उघडायला माणसं आहेत.

विद्यार्थ्यांसाठी मात्र एक सोय खरोखर चांगली आहे. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा हिवाळी अधिवेशनात संसदीय अभ्यासवर्ग घेते. राज्यातल्या विद्यापीठांचे राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाचे पदव्युत्तर विद्यार्थी त्यात येतात, पीठासीन अधिकारी, मंत्री, विरोधी पक्षनेते यांची व्याख्यानं ऐकतात आणि कामकाजही बघतात. निवड विद्यापीठाच्या विभागामार्फत होते, म्हणून विभागप्रमुखांकडे ऑक्टोबरमध्येच नाव द्यावं. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी असंच काही व्हावं, ती पुढच्या निवडणुकीतली नवी मतदार आहेत.

दिवसांचं गणित मात्र डोळ्यांआड करू नका. २०२२ ला अधिवेशन १९ ते ३० डिसेंबर होतं, २०२३ ला ७ ते २०, २०२४ ला १६ ते २१, आणि २०२५ ला ८ ते १४. अशासकीय विधेयकं आणि ठराव शुक्रवारी घेतले जातात. आठवड्याच्या अधिवेशनात शुक्रवार एकच येतो, तेव्हा ज्यांना सदस्यांनी स्वतः आणलेली विधेयकं ऐकायची आहेत त्यांनी पास त्याच दिवसाचा मागावा. ज्यांच्या प्रश्नावर इथं आश्वासन मिळालं, त्यांनी जानेवारीत खात्याला प्रश्न क्रमांक आणि दिनांक घालून पत्र द्यावं, त्याची प्रत आमदाराला द्यावी, आणि उत्तर आलं नाही तर मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी पुढच्या प्रश्नाचा मसुदा तेव्हाच तयार ठेवावा.